जुन्या सागवानी आलमारीला रंग-पॉलिश देताना या चुका टाळा

विदर्भात गावाकडच्या जुन्या घरांत भिंतीतली आलमारी, स्वयंपाकघरातली मांडणी आणि दारांच्या चौकटी बहुतेक सागवानाच्या असतात. अयोध्येच्या राममंदिराच्या दारांसाठी २०२३ मध्ये बल्लारपुरातून सागवान गेलं, ते याच भागातल्या जंगलांचं. असं लाकूड काळवंडलं म्हणून मोडीत काढून सनमायक्याची आलमारी आणणं म्हणजे सोनं देऊन पितळ घेणं. त्यालाच रंग किंवा पॉलिश द्या. पण हे काम फार वेळा बिघडतं. सहा महिन्यांत पापुद्रे सुटतात, पांढऱ्यावर पिवळे डाग फुटतात, पॉलिश बोटाला चिकटत राहतं. दोष रंगाच्या डब्यावर जातो, कारण मात्र बहुतेक वेळा रंगाच्या खाली असतं.

काजळीवर आधी पाणी मारणं

चुलीच्या स्वयंपाकघरात लाकडावर दोन थर असतात. वर सुटी काजळी, आणि तिच्याखाली धूर व फोडणीचं तेल मिळून बसलेलं चिकट कीट. ओल्या फडक्याने सुरुवात केली की काजळीची शाई होते आणि सागवानाच्या उघड्या रेषांत उतरते. मग ती घासूनही निघत नाही. आधी कोरड्या ब्रशने वरून खाली झाडून घ्या, मग कोरडं फडकं, आणि त्यानंतरच पाणी.

कीट काढायला ४ लिटर कोमट पाण्यात साधारण १०० ग्रॅम धुण्याचा सोडा पुरतो. हातमोजे घालून नारळाच्या काथ्याने घासा, नंतर साध्या पाण्याने दोनदा पुसा. सोडा लाकडात राहिला तर वरचा रंग सुटतो. इथे एक भेद लक्षात ठेवा: सोड्याने सागवान काळं पडतं. वर रंग चढणार असेल तर हरकत नाही, पण पॉलिश किंवा स्टेन (लाकडाला छटा देणारा पातळ रंग) करायचं असेल तर सोडा वापरू नका. भांड्यांचा लिक्विड साबण आणि नंतर टर्पेंटाइनचं फडकं एवढंच पुरे.

साफ झालं की नाही, हे पाण्याच्या थेंबाने कळतं. वाळलेल्या लाकडावर थेंब टाका. तो मोत्यासारखा उभा राहिला तर मेण किंवा तेल अजून आहे. पसरला तर पुढे जा. धुतल्यानंतर किमान एक पूर्ण दिवस वाळू द्या, पावसाळ्यात दोन-तीन.

लोखंडी काथ्या वापरायचा मोह टाळा. त्याचे बारीक तुकडे लाकडात अडकतात आणि ओल लागली की काळे ठिपके पडतात. जुन्या खिळ्यांभोवती दिसणारे काळे डागही लोखंडामुळेच पडलेले असतात. पॉलिश करायचं असेल तर ते ऑक्झॅलिक ॲसिडने उजळतात. १ लिटर गरम पाण्यात ५० ग्रॅम विरघळवून डागावर लावा, अर्ध्या तासाने भरपूर पाण्याने धुवा. हे विष आहे. मोजे, चष्मा वापरा, आणि डबा लेकरांच्या हाती लागेल असा ठेवू नका.

आधी काय लावलंय ते न तपासणं

जुन्या पल्ल्यावर चपड्याचं (लाखेचं) पॉलिश, एनसी म्हणजे नायट्रोसेल्युलोजचा लॅकर, ऑइल पेंट यांपैकी काहीही असू शकतं. आतल्या कोपऱ्यात स्पिरिटचं फडकं एक मिनिट धरा. थर मऊ होऊन चिकटला तर चपडा. स्पिरिटने काही झालं नाही पण एनसी थिनरने विरघळला तर लॅकर. थिनरने सुरकुत्या पडल्या तर ऑइल पेंट. ही तपासणी न करता ऑइल पेंटवर एनसी लॅकर मारला तर खालचा थर उकळल्यासारखा वर येतो, आणि मग सगळं खरवडण्यावाचून दुसरा उपाय नसतो.

जुन्या ऑइल पेंटमध्ये शिसं असू शकतं. घरगुती रंगात शिशाची ९० पीपीएमची (दहा लाख भागांत ९० भाग) मर्यादा आपल्याकडे २०१७ च्या नोव्हेंबरपासून लागू झाली. त्याआधीचा रंग कोरडा घासून धूळ उडवू नका. पाणी मारून वॉटर पेपरने घासा, मास्क लावा, लहान मुलं आणि गरोदर बाई त्या घरात नको. गाळ कागदावर गोळा करून बांधून टाका, परसातल्या भाजीच्या वाफ्यात नाही.

पांढऱ्यावर पिवळे-तपकिरी डाग

ही तक्रार सगळ्यात जास्त येते. सागवानात स्वतःचं तेल आणि रंगद्रव्य असतं. पाण्यावरचा प्रायमर लावला की ते ओलीबरोबर वर येतं. धुराने रापलेल्या लाकडात तर हे दुपटीने होतं. लोक वरून आणखी एक हात मारतात, मग आणखी एक, आणि डाग प्रत्येक वेळी परत येतो. डाग रंगाने झाकत नाही, खालीच अडवावा लागतो.

अडवणारी वस्तू म्हणजे चपडा, पळस-बोरीवरच्या लाखेचा. १ लिटर स्पिरिटमध्ये १५० ते २०० ग्रॅम चपडा रात्रभर भिजवा, कापडातून गाळा, न ढवळता ठेवून वरचं स्वच्छ द्रावण वापरा. खाली बसतं ते मेण, त्यावर रंग नीट धरत नाही. दोन पातळ हात, मध्ये एक तास. मागल्या वर्षीचं उरलेलं मिश्रण वापरू नका, ते पूर्ण वाळत नाही.

उघड्या, नुकत्या घासलेल्या सागवानावर हात मारण्याआधी थिनरच्या फडक्याने पुसा आणि थिनर उडाला की लगेच, त्याच तासाभरात काम सुरू करा. उद्यावर ठेवलं तर लाकडातलं तेल पुन्हा पृष्ठभागावर येतं.

पांढरा रंग हवाच असेल तर आणखी एक गोष्ट. ऑइल एनॅमलचा पांढरा अंधारात पिवळा पडतो, म्हणून बंद आलमारीच्या आतल्या बाजू आधी पिवळ्या दिसतात. अशा ठिकाणी ऑइल प्रायमरवर पाण्याचं एनॅमल द्या.

भिंतीची पुट्टी लाकडाला

घर रंगवताना उरलेली पांढऱ्या सिमेंटची पुट्टी पल्ल्याच्या भेगांत भरणं ही गावोगावची सवय आहे. लाकूड पावसाळ्यात फुगतं, उन्हाळ्यात आखडतं. सिमेंट हलत नाही. पहिल्याच मे महिन्यात ती कपच्यांनी पडते. रंगाखाली लांबी (लाकडाच्या भेगा भरायचा लगदा) किंवा एनसी पुट्टी वापरा, पातळ दोन थरांत. पॉलिशखाली दोन्ही चालत नाहीत, पांढरं ठिगळ दिसतं. सागाचाच भुसा चपड्यात कालवून भरा. पांढऱ्या गोंदात कालवला तर त्या जागी स्टेन शिरत नाही.

घासताना रेषेच्या दिशेनेच घासा. रंगासाठी ८० मग १२० नंबरचा घासकागद, पॉलिशसाठी १२० मग १८० वर थांबा. ३२० पर्यंत गुळगुळीत केलं की स्टेन शोषला जात नाही आणि फिकट येतो. स्टेन लावून ५ ते १० मिनिटांत पुसून काढा. पुसला नाही तर वर साचून चिकट राहतो. जुन्या पॉलिशवर स्टेन कधीच बसत नाही, त्याला उघडं लाकूडच लागतं.

जवसाचं तेल

जवस घरचाच, म्हणून घाणीचं कच्चं तेल लाकडाला चोपडतात. ते वाळायला कित्येक दिवस घेतं आणि तोवर धूळ धरतं. रंगाच्या दुकानात मिळणारं डबल बॉइल्ड तेल घ्या, पातळ लावा, २० मिनिटांनी उरलेलं सगळं पुसा. त्या फडक्यांचा बोळा करून कोपऱ्यात टाकू नका. जवसाचं तेल वाळताना तापतं आणि बोळा आपोआप पेटू शकतो. फडकी पाण्यात बुडवा किंवा अंगणात एकेक पसरून वाळवा.

वेळ आणि हवा

४५ अंशांच्या दुपारी एनॅमल ब्रशखालीच ओढलं जातं आणि पट्टे राहतात. उन्हाळ्यात काम सकाळी ९ च्या आत उरका. कूलर मात्र बंद हवा. त्याच्या दमट हवेने चपड्यावर आणि लॅकरवर पांढरी धुरी येते, पावसाळ्यातही तेच. धुरी आलीच तर कोरड्या दिवशी चपड्यावर स्पिरिटचा, लॅकरवर एनसी थिनरचा अगदी हलका हात फिरवा, बहुतेक वेळा जाते. दिवाळीआधी काम काढलं असेल तर शेजारी सोयाबीनची मळणी कधी आहे ते विचारून घ्या. तो भुसा ओल्या रंगावर बसला की पुन्हा घासणं आलं. दिवाळीनंतर ते फेब्रुवारी हा सगळ्यात चांगला काळ.

दुसरा हात घाईत मारला की सुरकुत्या पडतात. दोन हातांमध्ये एक रात्र जाऊ द्या, मध्ये २२० ने हलकं घासा. टर्पेंटाइन ५ ते १० टक्क्यांहून जास्त नको, नाहीतर रंग ओघळतो. ४ बाय ६ फुटांची दोन पल्ल्यांची आलमारी, फळ्या आणि दोन्ही बाजू धरून, १०० चौरस फुटांच्या आसपास भरते. तिला १ लिटर प्रायमर आणि दोन हातांसाठी २ लिटर एनॅमल पुरतं.

प्रायमर रात्रभर वाळला की ब्लेडने बारीक जाळी कापून त्यावर चिकटपट्टी दाबा आणि झटक्याने ओढा. पट्टीबरोबर प्रायमर आला तर इथेच थांबा, खाली कीट राहिलंय.

पल्ल्याच्या वरच्या-खालच्या कडा आणि चौकटीचा जमिनीलगतचा भाग रंगवायला लोक विसरतात. सारवण-पुसण्याचं पाणी तिथूनच चढतं आणि रंग खालून सोलला जातो. काम सुरू करण्याआधी या भागाला स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने ठोकून पाहा. आवाज पोकळ आला तर आत उधई असू शकते. आधी औषध आणि गरज पडली तर लाकडाचा जोड, रंग नंतर. पल्ले उतरवताना बिजागऱ्यांवर क्रमांक टाका आणि घट्ट बसणारी कड पावसाळ्यात रंधू नका. फुगलेलं लाकूड रंधलं तर उन्हाळ्यात फट पडते. उन्हाळ्यात मात्र पल्ला आणि चौकट यांत २ मिलिमीटर जागा ठेवूनच रंग द्या.

थिनर, स्पिरिट उघडं असताना चूल, गॅस, देवाचा दिवा, काहीच पेटतं नको. दोन दिवस स्वयंपाक परसात मांडा. फळ्या दुसऱ्या दिवशी हाताला कोरड्या लागल्या तरी आठवडाभर त्यांच्यावर डबे टेकवू नका. एनॅमल आतून पक्कं व्हायला तेवढा वेळ घेतं, आणि तोवर ठेवलेल्या बरणीचा गोल कायमचा उमटतो.