जुन्या गाडीत टचस्क्रीन बसवताय? या चुका टाळा

इंजिन ठणठणीत, पत्रा शाबूत, पण डॅशबोर्डवर अजून सीडी गिळणारी म्युझिक सिस्टीम. अशा गाडीला नवी स्क्रीन लावायची ठरली की लोक किती इंची, कोणत्या कंपनीची, रॅम किती यावर आठवडे घालवतात आणि वायरिंगचा विचार बसवायच्या दिवशी करतात. नंतर 'पीस खराब निघाला' म्हणून परत आणलेल्या बऱ्याच स्क्रीन धडधाकट असतात. दोष मागच्या कप्लरमध्ये, म्हणजे वायरी जोडणाऱ्या प्लगमध्ये असतो.

जुनी सिस्टीम नेमकं काय काय करत होती?

हा प्रश्न न विचारणं ही पहिली चूक. काही गाड्यांत एसीचं तापमान, दाराच्या लॉकच्या सेटिंग्ज, पार्किंग सेन्सरचा टूंटूं आवाजसुद्धा मूळ सिस्टीममधूनच येतो. ती उपटली की हे सगळं जातं. नव्या सिस्टीमबरोबर हे चालू राहील का, याचं स्पष्ट उत्तर मिळाल्याशिवाय पैसे देऊ नयेत.

काही जुन्या महागड्या जर्मन गाड्यांत रेडिओ, ॲम्प्लिफायर आणि सीडी चेंजर ऑप्टिकल फायबरच्या एका कड्यात जोडलेले असतात. त्यातला एक भाग काढला की कडं तुटतं आणि सगळी गाडी मुकी होते. मागच्या कप्लरमध्ये लाल उजेड दिसला, तर साध्या हार्नेसवर, म्हणजे कप्लर लावलेल्या तयार वायरींच्या जोडणीवर भागणार नाही. फायबरमधला सिग्नल नव्या सिस्टीमला समजेल असा करून देणारा, त्या गाडीसाठी बनवलेला डिकोडर लागेल. फायबर दुमडायचीही नाही.

मापाचं थोडक्यात. म्युझिक सिस्टीमच्या खाचेची ठरलेली दोन मापं असतात: सिंगल डिनचं तोंड १८० × ५० मिलिमीटर, डबल डिनचं १८० × १०० मिलिमीटर. पण अडचण येते ती खोलीची. मागे कप्लर आणि वायरींचा गुंता बसायला जागा हवी, नाहीतर फ्रेम दाबून दाबून बसवली जाते आणि एखादी वायर चेपते. बाहेर आलेल्या मोठ्या स्क्रीनमागे एसीची जाळी किंवा हॅझर्डचं बटण झाकलं जाणार नाही ना, हेही आधी पुठ्ठा कापून, तिथे धरून पाहावं.

पिवळी आणि लाल

सगळ्यात जास्त डोकेदुखी याच दोन वायरी देतात. बाजारात मिळणाऱ्या सिस्टीममध्ये सहसा पिवळीला बॅटरीचा कायम करंट लागतो आणि लालला चावी फिरवल्यावर येणारा. काही गाड्यांच्या मूळ कप्लरमध्ये या दोघींच्या जागा नेमक्या उलट असतात. तसंच जोडलं तर सिस्टीम चालते, गाणी वाजतात, सगळे खूश. पण चावी काढली की घड्याळ, स्टेशन, आवाजाची सेटिंग सगळं पुसलं जातं आणि अँड्रॉइडची स्क्रीन दर वेळी पहिल्यापासून सुरू व्हायला वेळ खाते. हा सॉफ्टवेअरचा दोष समजून अपडेट शोधत बसण्यात अर्थ नाही, दोन पिना बदलायच्या.

दोन्ही वायरी कायम करंटवर जोडणं त्याहून वाईट. स्क्रीन झोपतच नाही आणि काही दिवस उभी राहिलेली गाडी सेल्फ मारेनाशी होते. तपासायचं असेल तर सगळं बंद करून, गाडीतली यंत्रणा शांत व्हायला अर्धा तास देऊन, बॅटरीच्या निगेटिव्ह टर्मिनलवर मल्टिमीटर सिरीजमध्ये लावावा. मीटर लावलेला असताना चावी फिरवू नये, त्याचा फ्यूज जाईल. साधारण ५० मिलिॲम्पियरच्या आतला आकडा ठीक मानतात. त्याहून बराच जास्त आला आणि सिस्टीमचा फ्यूज काढल्यावर उतरला, तर चोर सापडला.

काही गाड्यांत चावीचा करंट देणारी वायर कप्लरमध्ये नसतेच, तो निरोप कॅन बसवरून, म्हणजे गाडीतल्या यंत्रणा एकमेकींशी बोलतात त्या डेटाच्या वायरींवरून येतो. तिथे हे निरोप स्क्रीनला समजावणारा कॅन बॉक्स लागतो, आणि स्क्रीनच्या सेटिंगमध्ये गाडीचं मॉडेलही बरोबर निवडावं लागतं. बॉक्स न लावता सिगारेट लायटरच्या फ्यूजवरून करंट ओढला तर स्क्रीन चालू होते, पण अशा गाड्यांत स्टिअरिंगची बटणं बहुधा मेलेली राहतात. मग ग्राहक बटणं खराब समजतो. एक खूण लक्षात ठेवा: बटणांबरोबर हॉर्नही बंद पडला असेल, तर स्क्रीनपेक्षा स्टिअरिंगमधल्या क्लॉक स्प्रिंगवर (चाक फिरतानाही वायरी जोडलेल्या ठेवणाऱ्या गुंडाळीवर) संशय घ्यावा. तिथे एअरबॅगही असते, म्हणून ते काम जाणत्या इलेक्ट्रिशियनकडेच द्यावं.

मूळ वायरी कापून पिळून टेप गुंडाळणारा कारागीर दिसला तर गाडी तिथून काढा. त्या गाडीचा हार्नेस मिळत असताना कटर कशाला? आणि फ्यूज उडाला म्हणून मोठ्या ॲम्पियरचा टाकणं म्हणजे आग लागायची सोय करणं.

आवाज, रेडिओ, कॅमेरा

खोक्यावर '४ × ५० वॉट' छापलेलं असतं. तो क्षणभराचा उच्चांक. आतल्या ॲम्प्लिफायर चिपमधून सलग मिळतात ते चॅनेलमागे साधारण २० वॉट, त्यामुळे या आकड्यावरून सिस्टीम निवडू नये. स्वस्त अँड्रॉइड स्क्रीनमध्ये तर रॅमचा आणि अँड्रॉइडच्या व्हर्जनचा आकडाही फुगवून दाखवलेला सापडतो.

ॲक्सिलरेटर दाबल्यावर स्पीकरमधून शिट्टी वाढत जात असेल, तर ती अल्टरनेटरची. अर्थिंग नीट नाही असं समजावं आणि काळी वायर रंग खरवडलेल्या पत्र्यावर पक्की घ्यावी. स्पीकरची निगेटिव्ह वायर मात्र चुकूनही बॉडीला लावू नये, ॲम्प्लिफायर जळतो. फार जुन्या गाड्यांत स्पीकरना अशी सामायिक अर्थिंग मूळचीच असते. तिथे प्रत्येक स्पीकरला नव्या दोन वायरी ओढाव्या लागतात.

नवी सिस्टीम लावल्यावर एफएम खरखरतंय? अँटेनाच्या बूस्टरला करंट देणारी निळी वायर लटकत राहिलेली असते. स्टेशनं ९१.१, ९१.३ अशी एक सोडून एक लागत असतील, तर रेडिओचा विभाग अमेरिकेवर राहिला आहे. सेटिंग बदला, झालं.

रिव्हर्स टाकल्यावर काळी स्क्रीन आली तर आधी रिव्हर्स लाइटवरून येणारी ट्रिगर वायर पाहावी. ती ठीक असेल तर कॅमेऱ्याचा प्रकार: एएचडी (जास्त स्पष्ट चित्राचा) कॅमेरा आणि साध्या सिग्नलवर ठेवलेली स्क्रीन यांचं जमत नाही.

फोन

फोनचे नकाशे, गाणी, कॉल गाडीच्या स्क्रीनवर आणणारं ॲपल कारप्ले २०१४ साली आणि अँड्रॉइड ऑटो २०१५ साली आलं, म्हणजे त्याआधीच्या गाडीत ते मुळात असणारच नाही. नव्या स्क्रीनवर केबलने लावलेलं कारप्ले सारखं तुटत असेल तर आधी केबल बदलून बघा. नुसत्या चार्जिंगच्या केबलमधून डेटा जात नाही. फोनवर समोरच्याला आपला आवाज विहिरीतून आल्यासारखा जात असेल, तर स्क्रीनमधला माइक सोडून वेगळा माइक वर, चालकाच्या बाजूला लावावा. त्याची वायर खांबातून नेताना एअरबॅगच्या समोरून नको, मागून न्यावी.

नुसतं घड्याळ किंवा तारीख चुकते म्हणून सिस्टीम बदलायला निघालेलेही भेटतात. त्यांनी थोडं थांबावं. बऱ्याच सिस्टीम तारीख-वेळ जीपीएसवरून घेतात. जीपीएसच्या मूळ रचनेत आठवड्यांचा आकडा दर १,०२४ आठवड्यांनी शून्यावर येतो आणि जुनी सॉफ्टवेअर त्यात गडबडतात. जानेवारी २०२२ मध्ये होंडा आणि तिच्याच अक्युरा ब्रँडच्या कित्येक जुन्या गाड्यांची घड्याळं २००२ साल दाखवू लागली आणि त्याच वर्षी ऑगस्टमध्ये बऱ्याचशा आपोआप ताळ्यावर आल्या.

आणि फ्रेम दाबून बसवण्याआधी सगळं चालवून पाहा: चारही स्पीकर, रिव्हर्स, स्टिअरिंगचं प्रत्येक बटण, हेडलाइट लावल्यावर स्क्रीन मंद होते का. मंद होत नसेल तर दिव्यांची नारिंगी वायर राहिलीय. ती आत्ता हाताशी आहे, फ्रेम बसल्यावर नसेल.