शेडमधली शेगडी आणि छातीतली धडधड

डिसेंबर-जानेवारीत मावळ, मुळशी, जुन्नरकडे पारा उतरला की पोल्ट्रीवाले शेडचे पडदे वरपर्यंत आवळून बांधतात. पहिल्या आठवड्यात पिल्लांना ३२ ते ३५ अंशांची ऊब लागते, त्यामुळे त्यांचंही चुकत नाही. रात्री लाईट गेली की कोळशाची शेगडी आत येते, आणि तिच्याच शेजारी गडी गोधडी पांघरून आडवा होतो.

घात होतो तो इथे. कोळशातून कार्बन मोनॉक्साईड निघतो. त्याला ना रंग, ना वास. डोळे चुरचुरतात ते धुराने. म्हणजे धूर संपून निखारे लालबुंद झाले की शेगडी 'आता आत न्यायला हरकत नाही' असं आपण म्हणतो, पण वायू तेव्हाही निघतच असतो.

रक्तातलं हिमोग्लोबिन या वायूला ऑक्सिजनच्या २०० पटींहून घट्ट धरतं. हृदयाला तर क्षणाची उसंत नाही, त्याचा ऑक्सिजन तुटला की ठोक्यांची लय बिघडते. डोकं जड होतं, मळमळतं, छाती धडधडते. मनगट धरून पाहा: नाडी पळते, मध्येच एखादा ठोका चुकल्यासारखा वाटतो. ज्याच्या हृदयाच्या रक्तवाहिन्यांत आधीच अडथळा आहे, त्याला थोडासा वायूही भारी पडतो. आपल्याकडे हे सगळं पित्तावर ढकलून सोडा पाजतात.

कोविडमध्ये घेतलेल्या ऑक्सिमीटरवर तर अजिबात विसंबू नका. वायूने व्यापलेलं हिमोग्लोबिनही त्याला ऑक्सिजनचंच वाटतं, त्यामुळे माणूस अत्यवस्थ असला तरी आकडा ९८ दिसू शकतो.

असं झालं तर माणसाला आधी उघड्यावर आणा आणि १०८ ला फोन करा. डॉक्टरांना 'बंद शेडमध्ये शेगडी होती' हे आवर्जून सांगा. ईसीजी आणि रक्ततपासणी त्यावरून ठरते. साध्या हवेत रक्तातला निम्मा वायू उतरायलाच चार-पाच तास लागतात, मास्कने शुद्ध ऑक्सिजन दिला तर तास-दीड तास. म्हणून बाहेर आल्यावर जरा बरं वाटलं तरी त्याला परत आत पाठवू नका.

बुखारी (शेड तापवायची लाकूड-कोळशाची भट्टी) असेल तर धुराडं छताबाहेर काढा, सांधे दर हंगामात तपासा. गॅस ब्रूडरची, म्हणजे पिल्लांना ऊब देणाऱ्या गॅसच्या शेगडीची, ज्योत निळी हवी. पिवळी झाली की बर्नर साफ करा. वाऱ्याच्या आडबाजूचा पडदा वरून वीतभर उघडा ठेवा. पिल्लं सुस्त पडली, पाण्याकडेही जाईनात, तर थर्मामीटर नंतर बघा, आधी पडदे उघडा. जनरेटर शेडबाहेरच ठेवा, आणि डिझेल इंजिन विहिरीत उतरवून चालवू नका.

आणि गड्याची खाट आजच बाहेरच्या खोलीत हलवा.