लर्निंग लायसन्सची परीक्षा: अर्जापासून पंधराव्या प्रश्नापर्यंत

महाराष्ट्रात अर्ज परिवहनच्या ‘सारथी’ पोर्टलवर भरायचा. आधारला मोबाइल नंबर जोडलेला असेल तर परीक्षा घरूनच देता येते. नसेल तर आरटीओतला स्लॉट घ्या. जोडलेला नंबर बंद पडलेला असला की ओटीपी येत नाही आणि गाडी तिथेच अडते, म्हणून तो आधी तपासा. वयाची चाळिशी उलटली असेल तर डॉक्टरांच्या सहीचा फॉर्म १-अ लागतो.

प्रश्न 15, त्यातले 9 बरोबर हवेत. भाषा मराठी निवडा. घरून देताना चेहऱ्यावर उजेड हवा आणि खोलीत दुसरं कुणी नको. पाठीमागे खिडकी असली की चेहरा काळा दिसतो, कॅमेरा ओळखत नाही.

अभ्यासाचा खरा भर चिन्हांवर द्या. लाल किनारीचा त्रिकोण सावध करतो, लाल किनारीचं वर्तुळ मनाई किंवा मर्यादा सांगतं, निळा चौकोन माहिती देतो. घोटाळा होतो तो जोड्यांत: ‘थांबण्यास मनाई’च्या निळ्या वर्तुळावर दोन लाल रेघांची फुली असते, ‘पार्किंगला मनाई’वर एकच तिरकी रेघ. या जोड्या कागदावर स्वतः काढून बघा, डोळ्यात बसतात. लुकलुकणारा लाल दिवा म्हणजे पूर्ण थांबून, रस्ता मोकळा बघून जायचं. लुकलुकणारा पिवळा म्हणजे वेग कमी. गोल चौकात उजवीकडून येणाऱ्याला आधी जाऊ द्यायचं.

पास झालात की लायसन्स सहा महिने चालतं. पक्क्या लायसन्सची चाचणी 30 दिवसांनंतर.