गोष्ट तोंडपाठ, मग मार्क गेले कुठे? इंग्रजी साहित्याच्या पेपरात या चुका टाळा

शाळेच्या शेवटच्या वर्षाचा इंग्रजी साहित्याचा पेपर देऊन बाहेर पडणारी मुलं बहुतेक वेळा खूश असतात. सगळं आठवलं, पुरवण्या लावल्या, बोटं दुखेपर्यंत लिहिलं. निकाल हातात पडल्यावर मात्र चेहरे उतरतात. काही येत नव्हतं म्हणून मार्क गेले असं क्वचितच असतं. बहुतेकदा येत होतं ते सगळं लिहिलेलं असतं आणि विचारलेलं राहून गेलेलं असतं.

भरपूर लिहिलं, तरी मार्क कमी

इथे उत्तराच्या जागी गोष्ट सांगून झालेली असते. सगळ्यात महाग पडणारी चूक हीच.

समजा, शेक्सपिअरच्या ‘मॅकबेथ’ या नाटकावर प्रश्न आलाय: अपराधीपणाची भावना कशी दाखवली आहे? उत्तर सुरू होतं तीन चेटकिणींपासून, मग राजाचा खून, मग मित्र बँकोचा खून, मग मेजवानीत दिसणारं बँकोचं भूत. क्रम बिनचूक आहे, पण कथानक तर तपासणाऱ्यालाही ठाऊक असतं. नाटक कसं रचलंय हे तुम्हाला दिसतंय का, एवढंच त्याला बघायचं असतं. पाचव्या अंकात मॅकबेथची बायको, लेडी मॅकबेथ, झोपेत चालते. ‘तिला वेड लागतं’ एवढंच लिहिलंत तर ती गोष्ट झाली. पण तोवर स्वतःचं सगळं बोलणं पद्यात बोललेल्या या बाईला शेक्सपिअर इथे गद्यात बोलायला लावतो. लय मोडते, वाक्यं तुटतात, ती एका आठवणीवरून दुसरीवर जाते. मन ताब्यात राहिलेलं नाही हे भाषेनेच दाखवलं. हे लिहिलंत की उत्तर झालं.

आपण गोष्ट सांगतोय हे ओळखायचं कसं? जुनं उत्तर काढा आणि प्रत्येक परिच्छेदाचं पहिलं वाक्य तेवढं वाचा. ‘मग’, ‘त्यानंतर’, ‘पुढच्या प्रवेशात’ अशी सुरुवात असेल तर रोग हाच. पहिल्या वाक्यात प्रश्नातला मुख्य शब्द आणि त्यावरचं तुमचं म्हणणं, दोन्ही हवं. प्रसंग येईल तो फक्त पुरावा म्हणून.

याच चुकीचं एक भावंड आहे: गेल्या वर्षीच्या प्रश्नाचं पाठ केलेलं उत्तर. प्रश्न येतो अपराधीपणावर आणि कागदावर उतरते महत्त्वाकांक्षा, कारण निबंध तिचा तयार होता. परिच्छेद पाठ करू नका. मुद्दे तयार ठेवा, ते वळवता येतात.

सिनेमा पाहिला होता

सिनेमा जरूर पाहा, पण पुस्तक वाचून झाल्यावर. नाहीतर डोळ्यांनी पाहिलेलं हातातून उतरतं. मॅकबेथ राजा डंकनला मारतो ते नाटकात रंगमंचावर घडतच नाही, पडद्याआड घडतं. आपल्याला दिसतात ते नंतरचे रक्ताळलेले हात. कितीतरी चित्रपटांत हा खून समोर दाखवलाय, आणि मुलं तो शेक्सपिअरने दाखवला म्हणून त्याचं विश्लेषण करून मोकळी होतात.

‘फ्रँकेन्स्टाइन’चं तर विचारूच नका. १९३१च्या चित्रपटात शास्त्रज्ञाने घडवलेला तो प्राणी नुसता गुरगुरतो. मेरी शेलीच्या १८१८च्या कादंबरीत तो लपून ऐकत भाषा शिकतो, पुस्तकं वाचतो आणि स्वतःची बाजू एखाद्या वकिलासारखी मांडतो. त्याला नाव नाही. फ्रँकेन्स्टाइन हे त्याला घडवणाऱ्याचं आडनाव. कुबड्या मदतनीसही कादंबरीत नाही. उत्तरात तो आला की पुस्तक उघडलेलं नाही हे लगेच कळतं.

कोट्स पाठ आहेत, पण कुठे बसवू?

चार-चार ओळींची अवतरणं पाठ केली की हे होणारच. लांब अवतरण एकाच प्रश्नाला चालतं आणि एक शब्द चुकला की सगळंच डळमळतं. तीन ते पाच शब्दांचे तुकडे निवडा. ‘मॅकबेथ’मध्ये रक्त, झोप आणि अंधार यांच्या प्रतिमा पुन्हापुन्हा येतात. त्यातला झोपेबद्दलचा एक छोटा तुकडा अपराधीपणाला चालतो, सत्तेला चालतो, नवराबायकोच्या नात्यालाही चालतो. असे दहा-बारा तुकडे पक्के असले की पुरतं. नेमके शब्द आठवत नसतील तर अवतरणचिन्हं न घालता आशय सांगा. मनाने ओळ रचू नका.

काही परीक्षांत पुस्तक जवळ ठेवू देतात. तिथे वेगळाच खड्डा असतो: पानं उलटण्यात अर्धा तास जातो.

‘या ओळीत अनुप्रास आहे’

आहे, मग? अलंकार ओळखणं ही सुरुवात. त्याने काय साधलं, आवाज कठोर झाला की ओळ रेंगाळली, हे सांगितल्याशिवाय मार्क हलत नाहीत. सांगता येत नसेल तर तो अलंकार सोडून द्या आणि एखाद्या साध्या शब्दाच्या निवडीवर लिहा. मला तर अलंकारांची यादी नसलेली उत्तरंच जास्त वाचनीय वाटतात.

काळाच्या संदर्भाचंही तसंच. शेक्सपिअर १५६४ साली जन्मला हे कुणी विचारलेलं नसतं. पण १६०३ साली इंग्लंडच्या गादीवर आलेल्या पहिल्या जेम्स राजाने चेटूकविद्येवर स्वतः पुस्तक लिहिलं होतं, हे चेटकिणींच्या प्रवेशाला जोडलंत तर माहिती कामाला लागते. संदर्भ ओळीला चिकटवता येत नसेल तर गाळा.

न पाहिलेली कविता समोर आली की डोकं बंद

कारण आपण गूढ अर्थ शोधायला धावतो. आधी साधे प्रश्न विचारा: कोण बोलतंय, कुणाशी बोलतंय, आणि कविता कुठे वळते? ‘पण’ किंवा ‘तरीही’ अशा शब्दापाशी बहुधा वळण सापडतं. चौदा ओळी दिसल्या तर सुनीत, म्हणजे सॉनेट, असू शकेल. मग आठव्या ओळीनंतर किंवा शेवटच्या दोन ओळींपाशी थांबून बघा. बोलणारा म्हणजे कवी असं मात्र धरू नका. रॉबर्ट ब्राउनिंगच्या ‘माय लास्ट डचेस’ या १८४२च्या कवितेत बोलतो तो एक ड्यूक, आणि आपल्या आधीच्या बायकोचा काटा त्यानेच काढला असं त्याच्या बोलण्यातून उमगतं. बोलणाऱ्याला कवी समजलात तर बिचाऱ्या ब्राउनिंगवर खुनाचा आळ येईल.

वाचलं खूप, आठवत काहीच नाही

हायलायटरने पुस्तक पिवळंधमक होतं, डोकं कोरंच राहतं. पुन्हापुन्हा वाचल्याने ओळख वाढते, पण परीक्षेत ओळखायचं नसतं, आठवायचं असतं. पुस्तक मिटा, कोऱ्या कागदावर एका पात्राबद्दल आठवेल ते लिहा, मग उघडून ताडून पाहा. जे सुटलं तेवढंच उद्या. आणि शेवटच्या महिन्यात घड्याळ लावून पूर्ण उत्तरं लिहा, कारण मुद्दे सुचणं वेगळं आणि ते वेळेत वाक्यात उतरवणं वेगळं.

शेवटचा प्रश्न राहिला

आवडत्या प्रश्नावर हात सैल सुटला की असं होतं. पेपर १०० मिनिटांचा आणि ५० गुणांचा असेल तर एका गुणाला दोन मिनिटं. २० गुणांच्या उत्तराला ४० मिनिटं, त्यातली पहिली पाच आराखड्याला. चाळीस झाली की थोडी जागा सोडून पुढच्या प्रश्नाकडे वळा. भरलेल्या उत्तरात आणखी एक परिच्छेद घालून मिळेल त्यापेक्षा कोऱ्या पानावर लिहिलेले पहिले दोन मुद्दे जास्त मिळवून देतात. अगदीच दहा मिनिटं उरली तर प्रस्तावना सोडा आणि थेट मुद्दा, तुकडा, त्याचा परिणाम एवढंच लिहीत जा.