बेटावरच्या छोट्या विमानतळावर उतरताना

खानापूर तालुक्यातून आणि बेळगावातून क्रूझच्या जहाजावर कामाला जाणारी पोरं आता कमी नाहीत. गोवा हाकेच्या अंतरावर. तिथल्या हॉटेलात चार वर्षं काढली की पुढची उडी जहाजावर. माझाही रस्ता तोच. नोकरी हाउसकीपिंगची, आणि कॅरिबियन बेटं बघितली ती त्या नोकरीतच. आता गावात असतो. जॉइनिंगचं पत्र आलं की पोरं मला फोन करतात. "मामा, मायामी कळलं, पण हे बार्बाडोस म्हंजे कुठं आलं ओ?" दर वेळी तेच तेच सांगण्यापेक्षा एकदा लिहून टाकतो. फिरायला जाणाऱ्यांनाही यातलं बरंच उपयोगी पडेल.

लंडन किंवा मायामीला फ्लाइट चुकली तर चार तासांनी दुसरी मिळते, निदान भांडायला तरी काउंटर असतो. बेटावर तुमच्या दिशेचं विमान दिवसाला एक, काही ठिकाणी आठवड्यातून दोन-तीनदाच. शेवटचं विमान गेलं की टॉवरवाला घरी, अग्निशमनवाले घरी, शटर खाली. बाकावर रात्र काढू म्हटलं तर वॉचमन गोड बोलून बाहेर काढतो. त्यामुळे शेवटच्या टप्प्याआधी एक रात्र मोकळी ठेवा. जहाजाच्या कंपन्या बहुतेक वेळा स्वतःच आदल्या दिवशी हॉटेलात उतरवतात. स्वतःच्या पैशानं जाणारा मात्र दोन हजार वाचवायला दोन वेगवेगळ्या कंपन्यांची तिकिटं जोडतो. पहिलं विमान उशिरा आलं तर दुसऱ्या कंपनीला त्याचं सोयरसुतक नसतं. अशी तिकिटं घ्यायचीच असतील तर मध्ये रात्र हवी.

तिकीट हातात आलं की आधी विमानतळाचं नाव वाचा, मग बेटाचं. सेंट लुशियाला दोन विमानतळ आहेत. लंडन-अमेरिकेची मोठी विमानं दक्षिणेला व्यू फोर्टजवळ हेवानोराला उतरतात. जहाजं लागतात ती उत्तरेला, कॅस्ट्रीजला. मध्ये डोंगरातला वळणावळणाचा रस्ता, दीड तास तरी धरा. चोर्ल्याच्या घाटात ज्याला ओकारी येते त्यानं गोळी खिशात ठेवावी. कॅस्ट्रीजला शहराला लागूनच दुसरा छोटा विमानतळ आहे, पण तिथं फक्त पंख्याची लहान विमानं येतात. डॉमिनिकाला मुख्य विमानतळ ईशान्येला आणि राजधानी रोझो दुसऱ्या अंगाला, तिथंही तासाच्या वर जातो. आणि डॉमिनिका वेगळा देश, डॉमिनिकन रिपब्लिक वेगळा. तिकीट काढणाऱ्या एजंटनं घोळ घातलेला मी स्वतः बघितला आहे. पोरगं दुसऱ्याच देशात उतरायचं, ते मुंबईच्या काउंटरवर सापडलं म्हणून निभावलं.

आता कागद. मोबाइलमध्ये आहे म्हणू नका. आपल्या रोमिंगच्या पॅकमध्ये बरीच बेटं नसतात, आणि विमानतळाचं वायफाय विमान उतरलं की सगळेच ओढतात. खानापूर स्टँडजवळ झेरॉक्सवाले आहेत, दोन-दोन प्रती काढा आणि एक संच हातातल्या पिशवीत ठेवा. जहाजावर जाणाऱ्याकडे एकेरी तिकीट असतं, म्हणून मुंबईच्या चेक-इनलाच पहिली अडवणूक होते. तिथं कंपनीचं गॅरंटी लेटर, सीडीसी म्हणजे खलाशाचं सरकारी ओळखपुस्तक, करारपत्र आणि एअरलाइन मागेल तिथं ओके टू बोर्ड, म्हणजे याला विमानात घ्यायला हरकत नाही अशी नोंद लागते. फिरायला जाणाऱ्याला परतीचं तिकीट आणि हॉटेलचं बुकिंग दाखवावं लागतं. बार्बाडोस, जमैका, डॉमिनिका इथं भारतीय पासपोर्टवर पर्यटकाला आधी व्हिसा काढावा लागत नाही. हे ऐकून लोक खूश होतात आणि वाटेतला देश विसरतात. अमेरिकेतून जायचं असेल तर विमान बदलायला दोन तास थांबलात तरी तिचा व्हिसा लागतो. जहाजाच्या पोरांना सी-वन-डी, म्हणजे जहाजावरच्या कामगारांचा अमेरिकन व्हिसा असतोच. पर्यटकानं रस्ता बघूनच तिकीट काढावं.

फॉर्म भरताना पासपोर्टवर जसं आहे तसंच उतरवा. बेळगावचं नाव सरकारी कागदावर २०१४ साली बदललं. जुन्या पासपोर्टवर जन्मगाव एका स्पेलिंगनं, नव्या दाखल्यावर दुसऱ्या. आपल्यातला वाद आपल्यापाशी, तिथल्या अधिकाऱ्याला फक्त अक्षरं जुळलेली हवी असतात. बऱ्याच बेटांचा प्रवेशाचा फॉर्म आता ऑनलाइन असतो. तो निघायच्या आधी भरून त्याचीही प्रत काढा. पत्त्याच्या रकान्यात पर्यटकानं हॉटेलचं नाव लिहायचं, आपण जहाजाचं नाव आणि पोर्ट एजंटचं, म्हणजे बंदरावर कंपनीचं काम बघणाऱ्याचं.

इमिग्रेशनच्या खिडकीशी गेल्यावर पासपोर्ट पुढं सरकवायच्या आधी "गुड मॉर्निंग, मॅडम" म्हणा आणि थांबा. ती उत्तर देईल, मग पासपोर्ट द्या. ही माणसं रीतीभातीची आहेत. दुकानात, टॅक्सीत, बसमध्ये चढतानासुद्धा आधी नमस्कार-चमत्कार, मग काम. आपली पोरं गडबडीत "एक्सक्यूज मी, व्हेअर इज..." म्हणून सुरू करतात आणि समोरचा गप्प का झाला ते त्यांना कळत नाही. रांग सावकाश सरकते. दुपारी अमेरिकेची, कॅनडाची, लंडनची विमानं पाठोपाठ उतरतात तेव्हा तास-दीड तास उभं राहायची तयारी ठेवा. घड्याळाकडं बघून उसासे टाकल्यानं रांग हलत नाही. विमानातून लवकर उतरून पुढं लागलेला खरा शहाणा. पूल-बोगदे नसतात, शिडीनं उतरून उन्हातून चालत जायचं, म्हणून मागच्या दारानं उतरवत असतील तर मागची सीट बरी.

पुढची गोष्ट आपल्या बेळगावकरांसाठी खास. मराठा लाइट इन्फंट्रीचं केंद्र आपल्या गावात, त्यामुळं आर्मी प्रिंटची पँट, टोपी, सॅक आपल्याकडं घरोघरी. कुणाचा भाऊ फौजेत, कुणाचा मामा. ती पँट घालून बार्बाडोसला उतरू नका. बार्बाडोस, अँटिगा, सेंट लुशिया, डॉमिनिका, ग्रेनेडा, जमैका, त्रिनिदाद, या सगळीकडं सैन्याबाहेरच्या माणसानं तसला कपडा वापरायला कायद्यानं बंदी आहे. लहान पोरांच्या चड्डीलाही सूट नाही. कस्टमवाले काढून घेतात, दंडही होऊ शकतो. सॅकवरचा एक कप्पा तसल्या कापडाचा असेल तरी सॅक घरी ठेवा.

खाण्याचं सांगायचं तर आई डबा भरणारच, तिला अडवू नका, पण निवडून घ्या. बिया, रोपं, ताजी फळं, मांस नको. कुंद्याचा डबा दुधाचा, त्यावर प्रश्न येऊ शकतो. गोकाकचा करदंट, म्हणजे डिंक-सुक्यामेव्याची वडी, पॅकबंद असेल तर फॉर्मवर लिहून दाखवा. लिहिलेलं जप्त झालं तर फक्त करदंट जातो, लपवलेलं सापडलं तर दंड. आणि दुबईवरून जात असाल तर खसखस, खसखस घातलेला मसाला किंवा करदंट अजिबात नको. तिथं खसखस अमली पदार्थात धरतात.

सामानाचं दुखणं मोठ्या विमानातून छोट्यात बदललं की सुरू होतं. सेंट मार्टिनहून साबा बेटावर जाणारं ट्विन ऑटर १९ माणसांचं. साबाची धावपट्टी ४०० मीटर, दोन्ही टोकांना कडा आणि खाली समुद्र. जगात नेमानं प्रवासी विमानं जाणाऱ्या धावपट्ट्यांत ती सगळ्यात आखूड. उड्डाण जेमतेम पंधरा मिनिटांचं. तिथं बॅगेबरोबर तुम्हालाही काट्यावर उभं करतात. लाजायचं कारण नाही, वजन बघूनच माणसं कुठं बसवायची ते ठरतं. वजन जास्त झालं तर माणसं जातात आणि बॅगा मागून पुढच्या फेरीनं येतात. वारा फिरला तर ती फेरीही रद्द. म्हणून औषधं, कागद, एक जोडी कपडे आणि जहाजाच्या पोरांनी काळे बूट हातातल्या पिशवीत ठेवावे. बॅग आली नाही तर इमारतीबाहेर पडायच्या आधी तिथंच तक्रार लिहून घ्या, शिक्क्यासकट. एकदा बाहेर आलात की आत कोण सोडतंय? आणि बॅगेचा फोटो मोबाइलमध्ये असू द्या. "काळी, चाकांची" एवढ्या वर्णनात तिथं चाळीस बॅगा बसतात.

सेंट मार्टिनचा विषय निघालाच आहे तर सांगतो. आपल्या सांबऱ्याची, म्हणजे बेळगावच्या विमानतळाची धावपट्टी २३०० मीटर, तिथल्या प्रिन्सेस ज्युलियाना विमानतळाचीही जवळपास तेवढीच. २०१६ पर्यंत केएलएम या डच कंपनीचं जंबो ७४७ तिथं उतरायचं, माहो बीचवरच्या लोकांच्या डोक्यावरून. सांबऱ्याला फोटो काढू देत नाहीत, हवाई दलाचं ठिकाण ते. इथं कुंपणाला लोंबकळून लोक फोटो काढतात. बघायला जरूर जा, पण उडणाऱ्या विमानाच्या मागं कुंपणाला धरून उभं राहू नका. २०१७ साली न्यूझीलंडची एक बाई त्या झोतानं फेकली जाऊन मेली. पाट्या लावलेल्या आहेत, तरी लोक उभे राहतातच.

बाहेर आल्यावर टॅक्सी. मीटर नसतो, दर ठरलेले असतात आणि बऱ्याच ठिकाणी दाराजवळच फलक असतो. बार्बाडोसला खऱ्या टॅक्सीच्या नंबरात झेड अक्षर असतं. भाडं विचाराल तर "सिक्स्टी डॉलर्स" असं उत्तर येईल. इथं थांबा आणि विचारा, कुठले डॉलर? नंदगडच्या एका पोराचा मला टॅक्सीतूनच फोन आला होता.

"मामा, साठ म्हणतोय. देऊ?"

"कुठले साठ?"

"डॉलर म्हंजे डॉलरच की ओ."

बार्बाडोसचे दोन डॉलर म्हणजे अमेरिकेचा एक. अँटिगा, सेंट लुशिया, डॉमिनिका, ग्रेनेडा, सेंट किट्स इथं ईस्ट कॅरिबियन डॉलर चालतो, त्याचा भाव १९७६ पासून बांधलेला आहे, २.७० ला एक अमेरिकन. म्हणजे बार्बाडोसचे साठ असतील तर तीस, ईस्ट कॅरिबियनचे साठ असतील तर बावीसच्या आसपास. गाडीत बसायच्या आधी देश सांगून भाव ठरवा. अमेरिकन नोटा चालतात, पण एक, पाच, दहाच्या न्या. शंभराची नोट दिली की सुटे स्थानिक चलनात येतात, आणि त्या नोटा बेळगावात कुणी घेत नाही. जायच्या आधी तिथंच संपवा. एकदा भाव ठरला की ड्रायव्हर मोकळा होतो. तुम्ही भारतातले कळल्यावर क्रिकेट निघतंच. अँटिगात सर व्हिव्ह, बार्बाडोसला सोबर्स. एवढी दोन नावं आदरानं घेतलीत तर वाटेत नारळपाणी कुठलं चांगलं तेही तो सांगेल.

घरी फोन करायची वेळ ठरवून निघा. पूर्वेकडची बेटं आपल्यापेक्षा साडेनऊ तास मागं आहेत. तिथं सकाळचे आठ म्हणजे इथं संध्याकाळचे साडेपाच.

१ जून ते ३० नोव्हेंबर हा तिथला वादळांचा हंगाम, त्यातही ऑगस्ट ते ऑक्टोबर जोर. २९ जून २०२४ ला ब्रिजटाउनला आपण टी-ट्वेंटीचा विश्वचषक जिंकला, आठवतं? त्यानंतर बेरिल वादळ आलं, विमानतळ बंद झाला आणि चषकासकट आख्खी टीम हॉटेलात अडकली. खास विमानानं ४ जुलैला दिल्लीला पोचली. रोहित शर्माला विमान मिळेना, तर तुम्हाला-आम्हाला कोण विचारतो! त्या महिन्यांत जात असाल तर दोन-तीन दिवसांच्या हॉटेलाचे पैसे बाजूला ठेवा, विम्यात वादळानं रद्द झालेला प्रवास धरलाय का ते वाचा, आणि पोर्ट एजंटचा नंबर कागदावर लिहून घ्या. २०१७ च्या इर्मा वादळानंतर सेंट मार्टिनचा विमानतळ बरेच महिने तंबूतून चालला. प्रवासी आत पंख्यासाठी भांडत नव्हते, विमान आलं यातच खूश होते.

परत येताना रम सगळेच घेतात. भारतात दोन लिटर दारू करमुक्त आणता येते. पण वाट अमेरिकेतून असेल तर पहिल्या अमेरिकन विमानतळावर तुमची मोठी बॅग हातात मिळते आणि पुन्हा द्यावी लागते. ड्यूटी फ्रीची पिशवी हातात ठेवलीत तर पुढच्या तपासणीला अडकू शकते. बॅग हातात आली की तिथंच बाटली कपड्यांत गुंडाळून आत टाका, मग बॅग द्या. अरुबा आणि बहामातल्या नसाऊला अमेरिकेची इमिग्रेशन तपासणी बेटावरच होते, म्हणून तिथं नेहमीपेक्षा तासभर आधी पोचा.

शेवटचं काम मात्र जायच्या आधीच करायचं आहे. पिवळ्या तापाची लस. त्रिनिदाद, गयाना, ब्राझील, पनामा, कोलंबिया यातला एखादा देश वाटेत असेल तर भारतात शिरताना लशीचं कार्ड मागतात. नसेल तर सहा दिवसांपर्यंत वेगळं ठेवू शकतात. लस सरकारनं नेमलेल्या केंद्रातच मिळते, गल्लीतल्या डॉक्टरकडं नाही, आणि टोचल्यापासून दहा दिवसांनी ती लागू होते. म्हणून तिकिटाच्या आदल्या आठवड्यात धावपळ करून उपयोग नाही. एकदा घेतली की जन्मभर चालते. कार्ड पासपोर्टच्या कव्हरमध्येच ठेवा, बॅगेत नको. मुंबईला आरोग्य तपासणीचं टेबल इमिग्रेशनच्याही आधी लागतं, बॅगांचा पट्टा त्याच्या कितीतरी पुढं.