जुन्या पिकअपची साऊंड सिस्टीम बदलताय? या चुका टाळा

बोलेरो पिकअप असो की टाटा 207, जुन्या गाडीत नवी सिस्टीम बसवायची म्हटलं की पहिला प्रश्न येतो, "किती वॅटची घेऊ?" डेकच्या (डॅशबोर्डातल्या प्लेअरच्या) खोक्यावर 50×4, म्हणजे चार चॅनेलना प्रत्येकी 50 वॅट, असं छापलेलं असतं, पण ती क्षणभराची कमाल ताकद. सतत मिळणारी ताकद चॅनेलमागे साधारण 15 ते 20 वॅटच. पिकअपच्या छोट्या केबिनला तेवढी पुरते, फक्त वायरिंग, अर्थिंग (गाडीच्या बॉडीला दिलेला मायनसचा जोड, म्हणजे 'अर्थ') आणि दरवाजे धड हवेत. बिघाडही बहुतेक याच तीन जागी सापडतो, म्हणून आधी पैसे तिथं घाला.

वायरी पिळून टेप गुंडाळणे

जुना प्लग कापू नका, जोड प्लग मिळत असेल तर तोच लावा. नुसत्या पिळलेल्या वायरीवरच्या काळ्या टेपचा गोंद एप्रिल-मेच्या उन्हात सुटतो आणि खानापूर-जांबोटीच्या पावसात त्याच सांध्याला गंज धरतो. सोल्डर करून वर हीट श्रिंक नळी (गरम केली की आवळणारी) चढवा, नाहीतर क्रिंप करा, म्हणजे धातूच्या जोडात वायर दाबून बसवा.

डेककडच्या वायरींचे रंग ठरलेले असतात: पिवळी कायम करंटची, लाल चावीवरची, काळी अर्थ. गाडीकडचे रंग मात्र गृहीत धरू नका, मल्टीमीटर लावा. चावी काढल्यावरही 12 व्होल्ट दाखवणारी वायर पिवळीला, चावी फिरवल्यावरच करंट येणारी लालला. या दोन उलट झाल्या तर चावी काढली की घड्याळ आणि स्टेशनं पुसली जातात. दोन्ही कायम करंटवर बांधल्या तर डेक बंद करायचा राहतो आणि चार दिवस उभ्या गाडीची बॅटरी बसते. मोठ्या ट्रकमधून काढलेला सेट स्वस्तात मिळाला तर तो 24 व्होल्टचा नाही ना, हे आधी बघा.

स्पीकरची मायनस बॉडीला जोडणे

डेक जळतात ते बहुतेक इथं. काही जुन्या गाड्यांत स्पीकरची एक वायर थेट बॉडीला दिलेली असते, जुन्या टेपला ते चालायचं. आजच्या डेकमध्ये स्पीकरच्या दोन्ही वायरींवर बॉडीच्या तुलनेत साधारण 6 व्होल्ट असतात. त्यातली एक बॉडीला टेकली की डेक प्रोटेक्शनमध्ये जातो, म्हणजे स्वतःच बंद होतो, नाहीतर आतली आयसी (चिप) जाते. म्हणून प्रत्येक स्पीकरपर्यंत दोन स्वतंत्र वायरी नव्या ओढा. एकाच चॅनेलवर 4 ओहमचे दोन स्पीकर समांतर जोडले तर भार 2 ओहमवर येतो आणि डेक तापून बंद पडतो.

दरवाजा न मोजता स्पीकर आणणे

काच पूर्ण खाली करा आणि पत्र्यापासून काचेपर्यंतची खोली मोजा. मॅग्नेट काचेला घासतो हे अनेकांना बसवून झाल्यावर कळतं. खोली कमी पडली तर रिंग लावावी लागते. एमडीएफची रिंग आपल्याकडच्या पावसाळ्यात फुगते, एबीएस प्लॅस्टिकची घ्या. दरवाज्याच्या आतला प्लॅस्टिक कागद फाडून टाकू नका. काचेच्या फटीतून येणारं पाणी तोच अडवतो. तळाची भोकं मोकळी ठेवा, तांबड्या मातीचा चिखल तिथंच तुंबतो.

पत्रा थरथरतो म्हणून छतावर लावायची डांबरी शीट चिकटवू नका, उन्हात ती ओघळते आणि केबिनमध्ये वास धरते. 2 मिलिमीटरची ब्यूटाइल शीट पत्र्याच्या मधल्या भागावर लावली तरी फरक कळतो.

बसवून झालं आणि बेस गायब वाटतोय? मग बहुधा एका स्पीकरची प्लस-मायनस उलट आहे. डेकपासून वायर सोडवा आणि 1.5 व्होल्टचा सेल क्षणभर टेकवा. सेलचा प्लस स्पीकरच्या प्लसला लागला की कोन बाहेर येतो. आत गेला तर वायरी बदला.

एका दरवाज्याचा आवाज येतो-जातो, अशी तक्रार असेल तर गाणं चालू ठेवून दरवाजा हळू उघडझाक करा. आवाज तुटला तर बिजागरीजवळच्या रबरी नळीत वायरच्या तारा तुटल्यात. स्पीकर बदलून काही होणार नाही.

ॲम्पला बारीक वायर, लांबचा फ्यूज

सीटमागे ॲम्प (आवाजाची ताकद वाढवणारा ॲम्प्लिफायर) आणि सबवूफर (बेसचा मोठा स्पीकर) बसवायचाच असेल तर 300 वॅट आरएमएसच्या (सतत मिळणाऱ्या ताकदीच्या) डी-क्लास, म्हणजे कमी करंट खाणाऱ्या, ॲम्पला 30 अँपिअरचा फ्यूज आणि 10 चौरस मिलिमीटरची शुद्ध तांब्याची वायर घ्या. वायरची तार चाकूनं खरवडा. आत पांढरी निघाली तर ती तांबं चढवलेली ॲल्युमिनियमची आहे, परत करा. फ्यूज बॅटरीपासून 45 सेंटिमीटरच्या आत हवा, ॲम्पजवळ नव्हे. इंजिनच्या भिंतीतून वायर नेताना रबरी ग्रोमेट घाला. पत्र्याची कडा इन्सुलेशन कापते, आणि फ्यूज लांब असेल तर सरळ आग लागते.

अर्थ देताना रंग खरवडून उघड्या पत्र्यावर लग (वायरच्या टोकाची धातूची कडी) घट्ट बसवा, वरून ग्रीस लावा. सीटच्या बोल्टला अर्थ देऊ नका. तपासायचं तर मोठ्या आवाजात गाणं लावून बॅटरीचा मायनस आणि ॲम्पचा अर्थ यांमध्ये व्होल्ट मोजा. 0.2 च्या वर गेलं तर जोड कच्चा आहे. ॲम्पवरचा गेन (डेककडून येणारा सिग्नल जुळवायचं बटण) म्हणजे व्हॉल्यूम नव्हे. आवाज फाटेपर्यंत तो वाढवला तर ट्वीटर (बारीक आवाजाचे छोटे स्पीकर) जातात.

ॲक्सिलरेटरबरोबर शिट्टी वाढत असेल तर ॲम्पच्या आरसीए (डेककडून ॲम्पला सिग्नल आणणारी वायर) पिना काढून बघा. शिट्टी थांबली तर दोष डेकच्या अर्थमध्ये किंवा करंटच्या वायरीला चिकटून नेलेल्या आरसीएमध्ये, म्हणून त्या दोन वायरी गाडीच्या दोन बाजूंनी न्या. शिट्टी तशीच राहिली तर ॲम्पचा अर्थ बघा.

एफएममध्ये खरखर असेल तर आधी स्वस्त मोबाईल चार्जर आणि एलईडी दिवे बंद करून बघा, मग अँटेनाच्या बुडाचा गंज काढा. आणि धारवाड आकाशवाणी मीडियम वेव्हवर ऐकायची सवय असेल तर डेक घेण्याआधी त्यात एएम आहे का ते विचारा. स्वस्त यूएसबी प्लेअरमध्ये बहुतेक वेळा नुसतं एफएम असतं.