पाठीच्या पाण्याचा रिपोर्ट कसा बघायचा

पाठीचं पाणी म्हणजे मेंदू आणि मज्जारज्जूभोवतीचा द्रव (सीएसएफ), पाठीत सुई घालून काढतात. त्यात आधी ग्लुकोज, म्हणजे साखर, बघा, पण एकटं नाही, त्याच वेळी काढलेल्या रक्तातल्या शुगरशी लावून, कारण या पाण्यात साखर रक्तातूनच येते आणि साधारण दोन तृतीयांश असते, म्हणजे रक्तात ९० तर इथे ६० च्या आसपास. डायबेटिसवाल्याच्या रक्तात ३०० आणि पाण्यात ७० आली तर लॅबची रेंज नॉर्मल म्हणेल, पण ती कमीच धरायची.

मग प्रोटीन. रक्तात डेसिलिटरला ७००० मिलिग्रॅमच्या घरात, इथे जेमतेम १५ ते ४५, कारण मेंदूच्या रक्तवाहिन्यांच्या आणि हे पाणी बनवणाऱ्या कोरॉइड प्लेक्ससच्या पेशी एकमेकींना इतक्या घट्ट चिकटलेल्या असतात की मोठे रेणू सहसा आत शिरतच नाहीत. आकडा चढला की हा पेशींचा अडसर (बॅरिअर) गळतोय का हा संशय घ्यायचा (पाणी वाटेत अडलं तरी चढतो हां).

पांढऱ्या पेशी मायक्रोलिटरला ५ पर्यंत ठीक. जास्त असतील तर त्यांचे प्रकार बघा: न्यूट्रोफिल जास्त, साखर कमी तर बॅक्टेरियाचा संशय, लिम्फोसाइट जास्त पण साखर नॉर्मल तर बहुधा व्हायरस, आणि लिम्फोसाइटसोबत साखर कमी, प्रोटीन बरंच वर असेल तर टीबी डोक्यात ठेवाच.

लाल पेशी दिसल्या की लगेच ब्रेन हॅमरेज म्हणू नका, पाणी एकामागून एक ट्यूबमध्ये घेतात, शेवटच्या ट्यूबपर्यंत त्या कमी होत गेल्या तर बहुतेक सुई टोचल्याचंच रक्त असतं.